घांस गिळतां यावा म्हणून

मनुष्याच्या शरीरांतील कांहीं अवयव असे आहेत कीं, ते निमूटपणें आपलें काम करीत असतात तोंपर्यंत त्यांचें अस्तित्वहि आपल्या ध्यानांत येत नाहीं. हृदयावर कवि काव्यें करितात, मेंदूचा विद्वानांना अभिमान असतो, आणि पोटाची चिंता तर सर्वांनाच. परंतु घशापासून जठरापर्यंत घांस पोंचविणारी, वीतभराहून किंचित् लांब अशी जी अन्ननलिका, ती कोणाच्याच गणतींत नसते. पंगतींत बसून आपण वरणभाताचा घांस घेतों. तो खालीं कसा उतरतो याचा विचार कोण करितो? वास्तविक ही नळी म्हणजे नुसतें घरंगळत जाण्याचें पन्हळ नव्हे. तिच्या स्नायूंच्या आकुंचनाची एक लाट वरून खालीं जाते व घांसाला पुढें ढकलते. म्हणूनच शीर्षासन करणारालाहि घोटभर पाणी गिळतां येतें.

या नळीला कर्करोग जडला म्हणजे तो फार दिवस मुका राहतो. नळी लवचिक असल्यामुळें तिच्या एका बाजूस अर्बुद वाढूं लागलें तरी उरलेली भिंत ताणून ती अन्नाला वाट करून देते. निम्म्याहून अधिक वाट बुजेपर्यंत रोग्याला पुष्कळदां विशेष कांहीं जाणवतच नाहीं. प्रथम भाकरीचा कोरडा तुकडा छातीशीं अडल्यासारखा वाटतो. मग भाकरी दुधांत कुसकरून खाण्याची संवय लागते. पुढें पोळी सुटते व मऊ भात राहतो. भातहि सुटून पेज राहते. हें बहुधा घरांतील वडील माणसांच्या बाबतींत घडतें, आणि 'वय झालें, दांत गेले, भूक मंदावली' असें म्हणून बाकीची मंडळी समाधान मानतात. त्यांतून रोगी म्हणजे घरांतील आजी असली, तर एकादशी, संकष्टी आणि सोमवार यांच्या आड तिचें न जेवणें महिनोन् महिने लपून राहतें. स्वैंपाकघरांत वावरणाऱ्या सुनेच्या ध्यानांत तें प्रथम येतें. परंतु तिनें तें बोलून दाखविलें तरी बैठकींतील पुरुषमंडळींपर्यंत पोंचावयास आणखी एखादा महिना जातो!

२०२२ सालच्या जागतिक गणनेप्रमाणें त्या एका वर्षांत सुमारें ५,११,००० लोकांना हा रोग झाल्याचें आढळलें व सुमारें ४,४५,००० लोक त्यानें दगावले. या दोन आंकड्यांत किती थोडें अंतर आहे हें पाहिलें म्हणजे रोगाच्या उग्रतेविषयीं निराळें सांगावयास नको. अशा रोगावर रासायनिक औषधें कशीं मिळालीं आणि त्यांतून रोग्याच्या पदरांत प्रत्यक्ष काय पडलें, ही हकीकत वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

शस्त्रवैद्यांनीं आपल्याकडून प्रयत्नांची कसूर केली नव्हती. न्यूयॉर्क येथील फ्रान्झ टोरेक यांनीं १९१३ सालीं एका ६७ वर्षांच्या बाईची छातींतील रोगग्रस्त अन्ननलिका कापून काढली. दोन टोंकें जोडावयास मध्यें कांहीं उरलें नव्हतें. म्हणून मानेशीं राहिलेलें नळीचें टोंक आणि पोटावर पाडलेलें जठराचें छिद्र हीं दोन्हीं शरीराच्या बाहेरून एका रबरी नळीनें जोडण्यांत आलीं, आणि ती बाई त्या रबरी नळीनें जेवीत पुढें बारा-तेरा वर्षें जगली! पण ती अपवाद होती. अन्ननलिका श्वासनलिका, हृदय व महारोहिणी यांना अगदीं खेटून उतरते, आणि आंतड्यांवर असतें तसें बाहेरचें वेष्टण तिला नसतें. त्यामुळें रोगाचें बीज लौकरच भिंतीपलीकडे, लसीकाग्रंथींत व तेथून दूरच्या अवयवांत जातें. सुरी चालते ती एका जागीं. क्ष-किरणहि पडतात ते एका जागीं. आणि रोग तर गांवभर हिंडत असतो. सर्व शरीर धुंडाळण्याचें काम रक्तांतून जाणाऱ्या औषधाचेंच.

असें औषध असूं शकतें ही कल्पना, चमत्कार असा कीं, युद्धांतील विषारी वायूवरून सुचली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४२ सालीं, येल विद्यापीठांतील लुई गुडमन व आल्फ्रेड गिलमन यांनीं मस्टर्ड वायूच्या जातीचें एक रसायन लसीकाग्रंथींच्या कर्करोगानें पीडित रोग्याला शिरेवाटे दिलें, आणि गांठी वितळल्या. त्या पुन्हां आल्या ही गोष्ट निराळी. युद्धकालीन गुप्ततेमुळें ही हकीकत १९४६ पर्यंत प्रसिद्धहि झाली नाहीं.

परंतु या मार्गांत एक मोठी अडचण आहे. क्षयाचा किंवा विषमज्वराचा जंतु परका असतो. त्याची घडण आपल्या पेशींहून इतकी निराळी असते कीं, त्याला मारील व आपल्याला तारील असें औषध शोधणें तुलनेनें सोपें. कर्करोगाची पेशी मात्र आपल्याच घरांत जन्मलेली व आपल्याच अन्नावर पोसलेली. परका चोर ओळखतां येतो. भाऊबंदच वाडा गिळूं लागला तर त्याची खूण कोणाला काय सांगावी? तिची ठळक खूण एकच: ती थांबणें विसरलेली असते. एकीच्या दोन, दोहोंच्या चार असा तिचा क्रम अखंड चालूं राहतो. म्हणून विभागणीच्या क्षणीं पेशीला गांठून मारणें, हाच या औषधांचा मार्ग ठरला. पण शरीरांत विभागणाऱ्या पेशी दुसऱ्याहि आहेत. केंसांच्या मुळांत, तोंडाच्या अस्तरांत, हाडांच्या मगजांत त्या रात्रंदिवस काम करीत असतात, आणि त्यांनाहि मार बसतो. केंस गळणें, तोंड येणें, रक्तांतील पांढऱ्या पेशी घटून ज्वर भरणें हे जे उपद्रव आपण ऐकतों, ते औषध भेसळीचें किंवा वाईट असल्यामुळें होत नसून, ज्या गुणामुळें तें कर्करोगाला मारतें त्याच गुणामुळें होतात.

आतां प्रत्यक्ष औषधांकडे वळूं. अन्ननलिकेच्या रोग्याला जीं प्रमुख रसायनें देतात, त्यांतील एकहि मुळांत अन्ननलिकेसाठीं शोधलेलें नाहीं. पहिलें फ्लोरोयुरॅसिल. १९५४ सालीं असें दिसून आलें कीं, उंदरांच्या यकृतांतील अर्बुद युरॅसिल नांवाचें द्रव्य निरोगी यकृतापेक्षां अधिक हांवरेपणानें शोषून घेतें. विस्कॉन्सिन विद्यापीठांतील चार्ल्स हायडेलबर्गर यांनीं या हांवरेपणाचाच फायदा घ्यावयाचें ठरविलें. युरॅसिलच्या रेणूंतील हायड्रोजनचा एक अणु काढून त्या जागीं फ्लोरीनचा अणु बसविला, आणि १९५७ सालीं हें नवें द्रव्य जगापुढें आलें. पेशी तें नेहमींचें सामान समजून आंत घेते, आणि डीएनएचा एक आवश्यक घटक तयार करणारें तिचें यंत्रच मग अडकून पडतें. दुधांतून विष पाजण्याची पूतनेची युक्ति रसायनशास्त्रज्ञानें अशी सत्कार्याला लावली. हें औषध पुरतें विचारपूर्वक रचलेलें होतें.

दुसऱ्याची गोष्ट अगदीं उलट. मिशिगन स्टेट विद्यापीठांतील बार्नेट रोझेनबर्ग हे मूळचे भौतिकशास्त्राचे अभ्यासक. विभागणाऱ्या पेशींतील सूत्रांची मांडणी त्यांना लोहचुंबकाभोंवतीं पसरणाऱ्या लोखंडाच्या किसासारखी दिसली, आणि विजेचा पेशींच्या विभागणीवर कांहीं परिणाम होतो कीं काय, अशी शंका त्यांच्या मनांत आली. त्यांनीं आंतड्यांत राहणारे साधे जंतु घेतले, पात्रांत प्लॅटिनमचे दोन विद्युदग्र बुडविले आणि प्रवाह सोडला. प्लॅटिनम घेण्याचें कारण इतकेंच कीं, हा धातु सहसा कशाशीं संयोग पावत नाहीं. तो प्रयोगांत लुडबुड करणार नाहीं अशी खात्री होती. प्रवाह सुरू झाल्यावर जंतूंची विभागणी थांबली, पण वाढ थांबली नाहीं. ते शेवयांसारखे लांबत लांबत नेहमींच्या ३०० पटींपर्यंत गेले! दुसरा एखादा संशोधक 'विजेचा प्रताप' म्हणून निबंध लिहून मोकळा झाला असता. रोझेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं चिकाटीनें एक-एक कारण वगळीत असें दाखविलें कीं, यांत विजेचा कांहींच संबंध नव्हता. ज्याच्या अलिप्ततेवर भरंवसा ठेवला होता तो प्लॅटिनमच सूक्ष्म प्रमाणांत विरघळून पात्रांतील द्रव्यांशीं संयोग पावत होता. १९६५ सालीं 'नेचर' या शास्त्रीय साप्ताहिकांत ही हकीकत प्रसिद्ध झाली. तो संयुग तर मिकेले पेरोने या इटालियन रसायनज्ञानें १८४५ सालींच तयार करून ठेविलेला होता. सव्वाशें वर्षें तो बाटल्यांत पडून राहिला आणि त्याला कोणी औषध म्हणून विचारलें नाहीं.

जंतूंना विभागूं न देणारें द्रव्य कर्करोगाच्या पेशींनाहि विभागूं देणार नाहीं, या तर्कानें तें उंदरांवर वापरून पाहिलें व १९६९ सालीं गांठी मावळल्याचें जाहीर केलें. पुढें माणसांवर प्रयोग सुरू झाले, आणि येथेंच सिसप्लॅटिन नांवाचें हें औषध जवळजवळ बुडालें. रोग्यांचीं मूत्रपिंडें निकामी होऊं लागलीं. वांत्या तर अशा भयंकर होत कीं, रोगी दुसऱ्या मात्रेला नकार देत. औषधाला तारलें तें कोणत्या गहन शोधानें नव्हे, तर पाण्यानें! औषधाच्या आधीं व नंतर शिरेवाटे भरपूर द्रव देऊन आणि मूत्राचें प्रमाण वाढवून मूत्रपिंडें धुवून काढावयाचीं, हा उपाय न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनीं १९७७ सालीं मांडला. १९७८ च्या डिसेंबरांत अमेरिकन सरकारनें वृषण व बीजाशय यांच्या कर्करोगासाठीं औषधाला मान्यता दिली. वांत्यांवरील चांगला उपाय, ऑन्डान्सेट्रॉन, यावयास मात्र १९९१ साल उजाडलें. मूत्रपिंडांना कमी जाचणारें कार्बोप्लॅटिन हें सिसप्लॅटिनचें धाकटें भावंड लंडन येथील संशोधकांच्या परिश्रमानें तयार झालें व १९८९ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. औषधाचा शोध एका दिवसाचा असतो. तें माणसाला सोसेल असें करणें हें वीस वर्षांचें काम असतें, आणि या कामाची कीर्ति कोणी गात नाहीं.

तिसऱ्या औषधाच्या हकीकतींत आपल्या महाराष्ट्राचा एक सुपुत्र आहे, म्हणून तिच्यापाशीं जरा अधिक वेळ थांबावेंसें वाटतें. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनें १९६० सालीं वनस्पतींतून औषधें शोधण्याची मोहीम काढली होती. तिच्यासाठीं आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञानें १९६२ च्या ऑगस्टांत वॉशिंग्टन संस्थानांतील अरण्यांत पॅसिफिक यू नांवाच्या झाडाच्या सालींचे व फांद्यांचे नमुने गोळा केले. हें झाड बुटकें, संथ वाढणारें व इमारतीला निरुपयोगी; लाकूडतोडे तें कचरा समजून जाळून टाकीत. तें उत्तर कॅरोलायनांतील एका संशोधनसंस्थेंत मन्रो वॉल व मनसुख वाणी यांच्याकडे आलें.

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ सालीं त्या वेळच्या पश्चिम खानदेशांतील नंदुरबार येथें झाला. मुंबई विद्यापीठांत रसायनशास्त्राचें शिक्षण घेऊन त्यांनीं अध्यापन केलें, आणि मग अमेरिकेंत इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते १९६२ सालीं वॉल यांच्या प्रयोगशाळेंत आले. सालींत औषधी द्रव्य इतकें अल्प होतें कीं, शेंकडों वेळां गाळून, विरघळवून व निवडून तें वेगळें करावें लागलें. प्रत्येक पायरीला जो भाग कर्करोगाच्या पेशींना मारील तो ठेवावयाचा, उरलेला टाकावयाचा. तांदुळांतील खडे वेंचणाराला धीर लागतो, पण येथें खड्यांतून तांदूळ वेंचावयाचे होते. १९६६ पर्यंत शुद्ध द्रव्य हातीं आलें. पुढें त्याला टॅक्सॉल हें नांव मिळालें. त्याच्या रेणूची रचना उकलावयास आणखी पांच वर्षें लागून ती १९७१ सालीं प्रसिद्ध झाली. याच जोडीनें एका चिनी वृक्षांतून कॅम्प्टोथेसिन हेंहि द्रव्य काढलें होतें, व त्यापासून पुढें आणखी औषधें निघालीं. वाणी यांचें निधन २०२० सालीं झालें. नंदुरबारच्या या रसायनज्ञाचें नांव आपल्याकडे जितकें ठाऊक असावयास पाहिजे तितकें नाहीं.

टॅक्सॉल हातीं आलें तरी त्याच्याकडे कोणी फारसें लक्ष देईना. तें पाण्यांत विरघळत नव्हतें, झाड दुर्मिळ होतें, आणि तें पेशींना मारतें कसें हेंहि कळत नव्हतें. हें कोडें न्यूयॉर्कच्या आल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयांतील सूझन हॉर्विट्झ या विदुषीनें १९७९ सालीं सोडविलें. पेशी विभागतांना तिच्या आंत सूक्ष्म नळ्यांचा एक मांडव उभारला जातो. गुणसूत्रांची वांटणी झाली कीं तो मोडावा लागतो. आपल्या अंगणांतील सदाफुलीपासून निघालेलीं कर्करोगाचीं औषधें हा मांडव उभाच राहूं देत नाहींत. टॅक्सॉल नेमकें उलट करितें. तें मांडवाच्या गांठी अशा आवळतें कीं, तो मोडतांच येत नाहीं. लग्न आटोपलें, वऱ्हाड गेलें, पण मांडव हलेना. पेशी त्यांतच अडकून मरते. ही तऱ्हा तोंवर कोणीं पाहिलेली नव्हती, आणि मग मात्र सर्वांचे डोळे या द्रव्याकडे वळले.

त्याबरोबर झाडांवर संकट आलें. शंभर वर्षांच्या झाडाची साल सोलली तर जेमतेम एका मात्रेपुरतें औषध मिळे, आणि साल काढलेलें झाड मरे. त्या अरण्यांत ठिपकेदार घुबडांची एक दुर्मिळ जात राहते, तिच्या रक्षणासाठीं झटणारे एका बाजूस आणि मरणोन्मुख रोगी दुसऱ्या बाजूस, असा विचित्र पेंच अमेरिकेंत उभा राहिला. त्यांतून वाट काढली ती पानांनीं. फ्रान्समध्यें प्येर पोत्ये यांनीं युरोपांतील यू झाडाच्या पानांतून मिळणाऱ्या द्रव्यापासून अर्धें काम निसर्गाचें व अर्धें प्रयोगशाळेचें अशा रीतीनें औषध बनविण्याचा मार्ग दाखविला. पानें खुडलीं तरी झाड जगतें. त्याच मार्गानें डोसेटॅक्सेल हें दुसरें औषधहि निघालें. याच कुळांतील झाड आपल्या हिमालयांत आहे. गढवाल-कुमाऊंकडे त्याला थुनेर म्हणतात. कांहीं वैद्य तालीसपत्र म्हणून ज्या पानांचा उपयोग करितात तीं या झाडाचीं कीं दुसऱ्या, याविषयीं मतभेद आहे. परंतु तेवढ्यावरून टॅक्सॉल आपल्या पूर्वजांना ठाऊक होतें असा निष्कर्ष काढण्याची घाई कृपा करून कोणी करूं नये.

१९९२ च्या डिसेंबरांत टॅक्सॉल, म्हणजे पॅक्लिटॅक्सेल, बीजाशयाच्या कर्करोगासाठीं मान्य झालें. १९९४ सालीं टेक्सासमधील डॉक्टरांनीं तें अन्ननलिकेच्या रोग्यांना दिलें, तेव्हां सुमारें एकतृतीयांश रोग्यांच्या गांठी निम्म्याहून लहान झाल्या. बार्कले यांनीं साल खुडल्यापासून या दिवसापर्यंत ३२ वर्षें लोटलीं होतीं.

गांठ लहान झाली म्हणजे रोगी जगला असें नव्हे. मासिकांतील जाहिरातींत ज्याला रामबाण म्हणतात आणि वैद्यकशास्त्रांत ज्याला औषध म्हणतात, त्यांतील भेद येथेंच आहे. नवें औषध प्रथम थोड्या रोग्यांना चढत्या मात्रेनें देऊन किती सोसतें हें पाहतात. मग गांठी आक्रसतात काय, हें पाहतात. आणि शेवटीं रोग्यांचे दोन गट करून जुना उपचार व नवा उपचार यांची तुलना करितात. कोणता रोगी कोणत्या गटांत जावयाचा, हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दैवावर सोंपवितात. हें ऐकून पुष्कळांना राग येतो. 'आमच्या वडिलांच्या जिवाशीं चिठ्ठ्या टाकतां?' असा प्रश्न मुलानें विचारला तर तो अस्वाभाविक नाहीं. परंतु डॉक्टरांनीं स्वतः निवड केली, तर धडधाकट रोगी नकळत नव्या औषधाकडे व खंगलेले जुन्याकडे जातात, आणि मग यश औषधाचें कीं प्रकृतीचें हें कधींच कळत नाहीं. शिवाय कोणता उपचार सरस हें जोंवर खरोखर ठाऊक नाहीं, तोंवरच अशी तुलना नीतीला धरून असते.

या पद्धतीनें काय हातीं आलें तें पहा. अमेरिकेंत १२१ रोग्यांच्या दोन गटांपैकीं एकाला नुसते किरण दिले व दुसऱ्याला किरणांच्या कमी मात्रेबरोबर सिसप्लॅटिन व फ्लोरोयुरॅसिल दिलें. १९९२ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. पहिल्या गटांतील निम्मे रोगी ८.९ महिन्यांत गेले, दुसऱ्या गटांत तो काळ १२.५ महिने झाला. 'एवढ्या साडेतीन महिन्यांसाठीं हा खटाटोप?' असें कोणी म्हणेल. पण पांच वर्षांनंतर नुसते किरण दिलेल्यांपैकीं एकहि जिवंत नव्हता, आणि दोन्ही उपचार मिळालेल्यांपैकीं शेंकडा २६ जिवंत होते. त्यासाठीं रोग्यांनीं दिलेली किंमतहि लपवितां कामा नये: जिवावर बेतणारे उपद्रव पहिल्या गटांत शेंकडा ३ जणांना झाले होते, दुसऱ्यांत शेंकडा २० जणांना.

डच डॉक्टरांनीं मग याहून सौम्य योजना आंखली. कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल यांच्या लहान मात्रा आठवड्यांतून एकदां, अशा पांच, जोडीला किरण, आणि कांहीं आठवड्यांनीं शस्त्रक्रिया. ३६६ रोग्यांवरील ही तुलना २०१२ सालीं प्रसिद्ध झाली. नुसती शस्त्रक्रिया झालेल्यांचें मध्यम आयुष्य २४ महिने, तर औषध-किरण घेऊन मग शस्त्रक्रिया झालेल्यांचें ४९ महिने भरलें. दहा वर्षांनीं पाहिलें तेव्हांहि हा लाभ टिकून होता: शेंकडा २५ च्या जागीं ३८ जिवंत होते. रबरी नळीच्या काळापासून आपण कोठें आलों तें यावरून दिसेल.

प्रत्येक नवें औषध पुढचें पाऊलच असतें असें मात्र नाहीं. सेटुक्सिमॅब हें नव्या पद्धतीचें, पेशीच्या पृष्ठभागावरील एक विशिष्ट खूण ओळखणारें औषध इतर कांहीं कर्करोगांत गुणकारी ठरलें होतें. ब्रिटनमध्यें तें अन्ननलिकेच्या २५८ रोग्यांच्या पाहणींत नेहमींच्या उपचाराला जोडून पाहिलें, आणि २०१३ सालीं निष्पन्न झालें तें असें कीं, औषध मिळालेले रोगी न मिळालेल्यांपेक्षां लौकर गेले, २५.४ महिन्यांच्या ठिकाणीं २२.१. तुलना केली नसती तर हेंच महागडें औषध आज 'आणखी चांगलें' म्हणून सर्रास दिलें गेलें असतें.

येथें एक भेद सांगितला पाहिजे. अन्ननलिकेचा कर्करोग दोन जातींचा असतो. नळीच्या अस्तरांतील सपाट पेशींचा एक. तो हिंदुस्थान, चीन, इराण व पूर्व आफ्रिका या बाजूस अधिक, आणि तंबाखू व मद्य यांच्याशीं निगडित. दुसरा ग्रंथिल पेशींचा. तो पाश्चात्य देशांत अधिक, आणि स्थूलपणा व जठरांतील आम्ल वर येणें यांच्याशीं निगडित. एकाच नळीचे हे दोन रोग औषधाला सारखेच वागत नाहींत. ग्रंथिल जातीच्या ४३८ रोग्यांवरील जर्मनींतील तुलना २०२५ सालीं प्रसिद्ध झाली. तींत शस्त्रक्रियेपूर्वीं व नंतर चार औषधांची योजना घेतलेल्यांचें मध्यम आयुष्य ६६ महिने भरलें व डच योजनेचें ३७. सपाट पेशींच्या जातीवर जपानी डॉक्टरांनीं २०२४ सालीं ६०१ रोग्यांची तुलना मांडली. शस्त्रक्रियेपूर्वीं सिसप्लॅटिन-फ्लोरोयुरॅसिलला डोसेटॅक्सेलची जोड दिल्यास तीन वर्षांनीं शेंकडा ६३ च्या जागीं ७२ रोगी जिवंत राहिले. तेव्हां 'अमक्याला अमुक औषध दिलें होतें, तेंच आमच्या काकांना द्या' असा आग्रह नातलगांनीं धरूं नये. पेशींची जात पाहिल्यावांचून त्याला अर्थ नाहीं.

रसायनांनंतरची पायरी म्हणजे शरीराच्या स्वतःच्या रक्षकपेशींना जागें करणारीं औषधें. जपानांतील तासुकु होन्जो यांच्या संशोधनांतून हा मार्ग निघाला व त्याबद्दल त्यांना २०१८ चें नोबेल पारितोषिक वांटून मिळालें. औषध-किरण व शस्त्रक्रिया होऊनहि काढलेल्या नळींत रोगाचे अवशेष सांपडलेल्या ७९४ रोग्यांवरील पाहणींत, या जातीच्या निव्होलुमॅबनें रोग परतण्याचा मध्यम काळ ११ महिन्यांवरून २२.४ महिन्यांवर नेल्याचें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. हीं औषधें मध्यम स्थितीच्या कुटुंबाला परवडण्याजोगीं नाहींत. त्या मानानें सिसप्लॅटिन, फ्लोरोयुरॅसिल, कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल हीं जुनीं औषधें जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादींत आहेत, आपल्या देशांतहि तयार होतात, आणि परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या, १९४१ पासून चालत आलेल्या संस्थांचा या कामांतील अनुभव मोठा आहे.

घरच्या मंडळींना या सर्वांत करण्यासारखें काय, असा प्रश्न राहतो. आपल्याकडे रोगी म्हटला कीं पथ्याचा सपाटा सुरू होतो: तूप बंद, दूध बंद, गोड बंद. या रोगांत वजन घटणें हाच मोठा शत्रु. वजन टिकलें तर औषधाची मात्रा सोसते. न टिकलें तर उपचार अर्ध्यावर थांबवावा लागतो. म्हणून तूप घातलेली मऊ खिचडी, सत्त्वाची लापशी, साय घोटलेली खीर, असें जें गिळवेल तें थोडें थोडें, दिवसांतून सहा वेळां द्यावें, आणि डॉक्टरांनीं नाकावाटे किंवा पोटावर नळी घालावयास सांगितली तर 'आतां हीहि वेळ आली' असें म्हणून रडूं नये. ती नळी बहुधा उपचारापुरती असते. औषधांच्या दिवसांत ज्वर आला तर तो काढ्यावर न काढतां त्याच दिवशीं रुग्णालयांत कळवावें. मिश्रीचा डबा व तंबाखूची चंची यांना घरांत जी प्रतिष्ठा आहे ती काढून घ्यावी. धूररहित तंबाखूनेंहि हा रोग होतो हें सिद्ध झालें आहे. चहा ६५ अंशांहून अधिक कढत पिण्यानें अन्ननलिकेचा कर्करोग संभवतो, असा अभिप्राय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें २०१६ सालीं दिला. तेव्हां बशींत ओतून पिणाऱ्या आजोबांना हंसूं नये. आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला घांस अडतो असें दोन-तीन आठवडे सतत वाटलें, तर दुर्बीण घालून नळी तपासून घ्यावी. तपासणी कांहीं मिनिटांची आहे.

डच योजनेंत आणखी एक गोष्ट आढळली होती. औषध-किरणांनंतर शस्त्रक्रिया करून काढलेल्या नळ्या सूक्ष्मदर्शकाखालीं तपासल्या, तेव्हां शेंकडा २९ जणांच्या नळींत कर्करोगाची एकहि पेशी उरलेली नव्हती; सपाट पेशींच्या जातींत तर हें प्रमाण शेंकडा ४९ होतें. म्हणजे या लोकांची अन्ननलिका निरोगी झाल्यावर कापली गेली. मग ती कापावीच कां, असा प्रश्न त्याच डॉक्टरांना पडला. औषध-किरणांनंतर दुर्बिणींतून व नमुने घेऊन रोग दिसेनासा झालेल्या रोग्यांपैकीं कांहींची शस्त्रक्रिया त्यांनीं केली आणि कांहींना नुसतें नियमित तपासणीखालीं ठेविलें. २०२५ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं शेंकडा ७१ व तपासणीखालीं ठेविलेल्यांपैकीं शेंकडा ७४ जिवंत होते. दुसऱ्या गटांतील जवळजवळ निम्म्यांना रोग त्याच जागीं पुन्हां उगवल्यामुळें शस्त्रक्रिया सुचवावी लागली, कांहींना तो दूरच्या अवयवांत आढळला. परंतु सुमारें एकतृतीयांश लोकांत तो परतलाच नव्हता, आणि ते स्वतःच्याच नळीनें जेवीत होते.